मुरमावरचा हाफ

“बाबा, तुमी बॉल उचलत काहून होते?” पायलनं विचारलं तेव्हा चंद्रभानच्या हातात चहात बुडवलेला टोस्ट होता, आणि उत्तर शोधता शोधता तो मऊ पडून कपातच गळला. प्रश्न तसा अवघड नव्हता. पण एवढ्या वर्षांत तो त्याला कोणी विचारलाच नव्हता. लोक विचारायचे, कसा उचलायचास? मग तो चप्पल काढून दाखवायचा. चेंडूवर तळवा ठेवायचा, हलकेच मागे ओढायचा, आणि तो घरंगळत पायाशी आला की बोटं खाली सारून वर झुलवायचा. चेंडू समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडे पडतो आणि समोरचा आपल्याच पायांकडे बघत राहतो. हे सांगून सांगून त्याचं तोंड दुखलं होतं. पण का उचलायचास, हे काय विचारणं झालं? पायल केसांना रबर लावत उत्तराची वाट बघत उभी होती. दोन मुलांच्या पाठीवर उशिरा झालेली ही पोरगी खेळायलाही बापाच्याच जागेवर, मैदानाच्या मधोमध उभी राहिली होती. तिचे कोच साहिल सर गेल्या रविवारी तिला स्पष्ट म्हणाले होते की अशी उचल अजून एकदा केलीस तर बाहेर बसवीन. निम्मे चेंडू समोरच्यांच्या डोक्याला लागतात, आणि मधल्या खेळाडूनं चेंडू घालवला की आपल्या गोलापर्यंत सगळी वाट मोकळी होते. त्यांचंही चूक नव्हतं. आज संध्याकाळी बेसाच्या टर्फवर शेवटची मॅच होती, आणि त्या मॅचवरून साहिल सर राज्य स्पर्धेला जाणारा जिल्ह्याचा संघ निवडणार होते. “उचलू का नको, तेवढं मले संध्याकाळपर्यंत सांगा,” असं म्हणून ती आंघोळीला निघून गेली. वंदनानं गळलेल्या टोस्टकडे पाहिलं आणि दुसरा कप आणून ठेवला. नवरा सकाळी सकाळी गप्प बसला की काहीतरी बिघडलंय हे तिला कळायचं.

स्कूटरवरून रामदासपेठेतल्या कचेरीकडे जाताना त्याला वाटलं, यात विचार करण्यासारखं आहेच काय? धाडस होतं म्हणून उचलायचो. सगळे तेच म्हणत आले. ही नोकरीसुद्धा त्याच धाडसावर लागली होती. विम्याच्या कंपनीला टीम उभी करायची होती, आणि लीगची मॅच बघायला आलेल्या एका मोठ्या साहेबांनी त्याला बोलावून घेऊन सगळ्यांदेखत पाठीवर थाप मारली होती. म्हणाले होते, या पोरात रिस्क घ्यायची हिंमत आहे. लोकांच्या जिवाची जोखीम तोलून बघणाऱ्या माणसानं असं म्हणावं, याचं तेव्हा कोणालाच हसू आलं नाही. चंद्रभानची तर छाती फुगली होती. घरी येऊन त्यानं आईला ते शब्द जसेच्या तसे सांगितले. आई शेजारणीला सांगून आली, शेजारीण विहारात सांगून आली, आणि आठवडाभरात सगळ्या वस्तीला ठाऊक झालं की चंद्र्या हिमतीचा आहे. हरभऱ्याच्या झाडावर एकदा चढलेला माणूस स्वतःहून खाली उतरत नाही, आणि वरून दिसणारं गावही त्याला चांगलंच वाटतं. पुढं टीम मोडली, गुडघे गेले, डोक्यावरचे केस गेले, पण कचेरीत नवीन आलेल्या पोरांना अजूनही कोणीतरी सांगायचं की मेश्रामकाका म्हणजे एकेकाळचे लई डेंजर हाफ. मिडफिल्डर हा शब्द तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता. हाफ म्हणायचे, आणि हाफ म्हणजे ज्याला दोन्हीकडून धक्के खावे लागतात तो.

फाईल उघडून तो बसला, आणि मान खाली घालताच ते मैदान आलंच. विहाराच्या मागचं, एका बाजूनं नाल्याकडे उतरत गेलेलं. गवताचं पातं नाही, सगळा लाल मुरूम आणि त्यात जागोजागी गोटे. पावसाळ्यात त्याची काकवी व्हायची आणि उन्हाळ्यात खापर. पडलं की गुडघ्यावरची कातडी तिथंच ठेवून यायची, मग घरी आई हळद दाबायची आणि दाबता दाबता शिव्या द्यायची. त्या मुरमाचा वास अजून त्याच्या नाकात होता, विशेषतः संध्याकाळचा, पाण्याचा टँकर विहाराशी उभा राहून जाताना थोडं सांडून जायचा तेव्हाचा. मैदानाच्या मध्यापासून थोडं नाल्याच्या अंगाला एक खडक जमिनीतून डोकं काढून बसलेला होता. त्याला पोरं म्हातारी म्हणायची. चेंडू तिला लागला की कुठं जाईल याचा नेम नसे. एकदा सगळ्यांनी मिळून पहार आणि कुदळ घेऊन तिला उपटून टाकायचं ठरवलं. जेवढं खणावं तेवढी ती रुंद होत गेली, आणि शेवटी कोणीतरी म्हणालं की राहू द्या, ही आपल्या आधीपासनं आहे. पुन्हा माती लोटून दिली. आठवून चंद्रभानला एकट्याला हसू आलं, आणि समोर बसलेल्या बाईंनी आपल्या अर्जात काही चुकलं का म्हणून विचारलं. तो नाही म्हणाला आणि शिक्का मारला. पण मन काही केल्या त्या मुरमावरून उठेना.

आणि भिवापूर! तिथल्या टुर्नामेंटला दर हिवाळ्यात जायचे, ट्रकच्या मागं बसून, रात्रभराच्या थंडीत एकमेकांच्या शालीत शिरून. मैदानाला लागून मिरची वाळत घातलेली असायची, लांबच लांब, डोळे दिपतील अशी लाल. एका मॅचमध्ये चेंडू त्या मिरचीत जाऊन लोळून आला, आणि ज्यानं पहिल्यांदा त्याला डोकं लावलं तो डोळे चोळत ओरडत नळाकडे पळाला. त्यानंतर दोन्हीकडच्या एकाही गड्यानं हेडिंग केलं नाही. चेंडू हवेत आला की सगळे बाजूला व्हायचे, सोवळ्यातल्या बाईनं व्हावं तसे. चंद्रभाननं त्या दिवशी एकामागून एक चेंडू उचलून दिले आणि भैयाजी, डाव्या कडेनं खेळणारा त्याचा लेफ्ट आउट, मोकळ्या रानात पळावं तसा पळत होता. मॅच संपल्यावर गावकऱ्यांनी चंद्रभानला खांद्यावर घेतलं. त्याच्या मांडीला लागलेली मिरचीची भुकटी ज्याच्या मानेला लागली तो दोन दिवस शिव्या देत होता, असं भैयाजी अजूनही सांगतो. ते दिवस गेले, असं म्हणायचीही सोय नाही. ते दिवस गेलेले नसतातच. कचेरीत पंखा फिरत असतो, कुठल्याशा बाईंच्या नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला समोर असतो, आणि त्याच वेळी भैयाजी उन्हात डावीकडून हात वर करून पळत असतो. आपण तिथंच असतो, फक्त पाय चालत नाहीत.

जेवणाच्या सुट्टीत त्यानं भैयाजीला फोन लावला. भैयाजी आता मुलाच्या मोबाइलच्या दुकानात दिवसभर खुर्ची टाकून बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला जुन्या मॅचेस ऐकवतो. इकडचं तिकडचं झाल्यावर चंद्रभाननं विचारलं की आपण चेंडू उचलत का होतो. भैयाजी आधी हसला. मग म्हणाला की अबे, तू वाघ होता वाघ, म्हणून. मग दुकानात आलेल्या कोणाला तरी चार्जर दाखवला, भाव सांगितला, आणि परत फोन कानाला लावून सहज बोलून गेला.

“आन् दुसरं काय करशीन गा? खालून देला का म्हातारीले लागे नाई तर गोट्याले. मले कधी सिद्धा आला का खालून? वरूनच सेफ होता न तो.”

एवढं बोलून तो पुन्हा भिवापूरच्या मिरचीवर आला. पण चंद्रभानच्या कानात पुढचं काही शिरलं नाही. डबा उघडा होता, भाकरीचा तुकडा मोडलेला होता, आणि त्याला घास घ्यायचं सुचेना. सेफ. कोणी तोंडात मारावी तसा तो शब्द लागला. आयुष्यभर ज्याला लोक धाडस म्हणाले आणि ज्यावर त्याची नोकरी लागली, लग्न जमलं, कचेरीत मान राहिला, ती त्या मैदानावरची सगळ्यात सावध चाल होती. मुरमावर खालून चेंडू देणं म्हणजे जुगार होता. वरून देणं म्हणजे घरचं अंगण. त्याला सगळे गोटे पाठ होते, म्हातारी पाठ होती, भैयाजीची धाव पाठ होती, चेंडू हवेत असताना त्याला काही म्हणजे काही होऊ शकत नाही हे पाठ होतं. भीती कधी वाटलीच नव्हती. मोठ्या मॅचमध्ये इतर घाबरायचे आणि आपण मात्र शांत असायचो, हे त्याला आठवलं. त्या शांतपणालाही लोकांनी हिंमत म्हटलं, आणि त्यानं म्हणू दिलं.

मग ती एक मॅचही आलीच, जी तो एरवी आठवू देत नसे. विम्याच्या टीमकडून बाहेरगावी, पहिल्यांदाच गवतावर. हिरवंगार, कापलेलं, गालिच्यासारखं सपाट मैदान. बाकीची पोरं बूट काढून त्यावर लोळली होती. चंद्रभान उभा होता. त्याच्या पायांचा त्या जमिनीवर विश्वास बसेना. त्या हिरव्याच्या खाली कुठंतरी काहीतरी डोकं काढून बसलेलं असणारच, असंच त्याच्या तळव्यांना वाटत राहिलं. मॅचभर त्यानं एकही चेंडू खालून दिला नाही. गवतात चेंडू रुतून बसायचा, बोटं जास्त खाली जायची, चेंडू फुग्यासारखा वर उडायचा आणि समोरचे ताडमाड गडी तो डोक्यानं आरामात परतवायचे. त्यातल्याच एकावरून गोल झाला आणि ते हरले. परतीच्या गाडीत कप्तान त्याच्या शेजारी बसून समजूत काढत राहिला की चंद्र्या, रिस्क घेणाऱ्याचंच चुकतं, जो घेत नाही त्याचं काय चुकणार? ते ऐकायला गोड होतं. त्यानं ऐकून घेतलं. आज डब्यासमोर बसून त्याला कळत होतं की त्या दिवशी सपाट गवतावर साधा सरळ चेंडू देणं हेच खरं धाडस झालं असतं, आणि ते काही त्याच्यानं झालं नव्हतं.

आणि पायल? तो एकदम थंड पडला. पायल आठ वर्षांची असताना त्यानं तिला गच्चीवर शिकवायला सुरुवात केली. सपाट, सिमेंटची, घोटलेली गच्ची. आणि त्यानं काय केलं होतं, तर खालून एक वीट आणून दोघांच्या मधे ठेवली होती. विटेवरून उचल, विटेला लागू देऊ नको. पोरगी रोज संध्याकाळी विटेवरून चेंडू उचलायची, वंदना दोरीवरचे कपडे काढायला आली की दोघांना रागवायची. जिथं काही आडवं नव्हतं तिथं त्यानं आपल्या हातानं म्हातारी नेऊन बसवली होती, आणि त्याला तो खेळ शिकवणं म्हणत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या टेबलावरच्यानं मिरची लागली का विचारलं, तर त्यानं हो म्हटलं.

अर्ध्या दिवसाची सुटी टाकून तो घरी आला. पायलला मागे बसवून बेसाकडे निघाला तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. एके काळी त्या बाजूला नुसती शेतं होती, आता मजल्यांवर मजले, मंगल कार्यालयं आणि शाळांच्या पिवळ्या गाड्या. तिला काय सांगायचं ते ठरलं होतं, पण जीभ उचलत नव्हती. ही पोरगी वर्गात मैत्रिणींना सांगते की माझे बाबा डेंजर खेळायचे. तिच्या मोबाइलवर त्याचा एक जुना, पिवळा पडलेला फोटो आहे, हवेत चेंडू आणि खाली तो. तेवढं एकच ऐश्वर्य त्यानं तिला दिलं होतं. ते आपल्याच हातानं काढून घ्यायचं, आणि तेही मॅचच्या आधी?

टर्फला चहूबाजूंनी जाळी होती. पोरी बूट बांधत होत्या. चंद्रभान चप्पल काढून आत गेला आणि वाकून त्यानं तळहात टेकला. ऊन पिऊन ती जमीन गरम झाली होती. प्लॅस्टिकची पाती, त्यात रबराचे काळे दाणे. त्यानं हात फिरवत फिरवत चार पावलं नेला. कुठेच काही लागलं नाही. इकडून चेंडू सोडला तर तिकडे तो गेलाच पाहिजे, इतकी ती जमीन खरी होती. पायल बाजूला येऊन उभी राहिली.

“आमच्या ग्राउंडवर गोटे होते,” तो वाकलेलाच बोलला. “खालून देला का भटकत होता. म्हणून उचलत होतो. धाडस-बिडस काही नोतं त्याच्यात.”

तिनं बुटाच्या टोकानं रबराचे दाणे उकरले. मग तिनं विचारलं, “मंग मी काय करू?”

“मले नाई माहीत, बेटा. हे ग्राउंड मी खेळलो नाई.”

तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते बघायची त्याची छाती झाली नाही. तो उठेपर्यंत ती पोरींमध्ये गेली होती.

मॅच सुरू झाली आणि जाळीबाहेर उभ्या असलेल्या चंद्रभानचा जीव टांगणीला लागला. पायल खेळत होती म्हणायचं, पण चेंडू आला की जवळच्या पोरीला द्यायची, परत आला की मागं द्यायची. चूक एकही नाही आणि जीवही नाही. साहिल सर एकदा शाब्बास म्हणाले. चंद्रभानला वाटलं, आपण हे काय करून बसलो? वीट काढली खरी, पण तिच्याबरोबर पोरीचे पायही काढून घेतले. हेच चालू राहिलं असतं तर ती अकरात आली असती, आणि तो जन्मभर स्वतःला दोष देत बसला असता. उजवीकडची बचावपटू चिन्मयी तिला वारंवार चेंडू देत होती, ती तो परत करत होती, आणि वेळ सरत होता.

मग चिन्मयीनं पुन्हा एक जोरकस चेंडू तिच्याकडे सोडला, जमिनीलगत, सरळ. समोरून दोन पोरी पायलच्या अंगावर धावून आल्या. पायल पुढं झाली, पाय उचलला, आता ती थांबवणार असं सगळ्यांनाच वाटलं, आणि तिनं पाय चेंडूवरून नुसता पुढं नेला. शिवलाच नाही. चेंडू तिच्या दोन पायांतून तसाच, आपली रेष न सोडता, मागं निघून गेला आणि त्या दोन पोरी रिकाम्या जागेवर एकमेकींवर आदळल्या. चंद्रभाननं जाळी गच्च धरली. मुरमावर खेळलेल्या कोणत्याही माणसाला हे स्वप्नातही सुचलं नसतं. चेंडू सोडून द्यायचा, त्याला शिवायचं नाही, तो जाईल तिकडे जाईलच असा भरवसा जमिनीवर टाकायचा! तिच्या मागं डाव्या बाजूला तिच्याच संघातली मेघा होती. समोर मैदान उघडं पडलं होतं. पण मेघालाही वाटलं होतं की पायल चेंडू थांबवणार. ती उभीच राहिली. चेंडू तिच्यापासून हातभर अंतरावरून निघून गेला, समोरच्या संघाच्या पोरीनं तो गाठून धाव घेतली, आणि सगळे भानावर यायच्या आत गोल झाला.

साहिल सरांनी पायलला लगेच बाहेर घेतलं. मॅच संपल्यावर सगळ्यांना गोल बसवून त्यांनी नावं वाचली. पायल संघात होती, पण अकरात नव्हती, बाकावर होती. नंतर ते चंद्रभानजवळ आले आणि काका म्हणून त्यांनी हात हातात घेतला. म्हणाले की डोकं मस्त चाललं होतं तिचं, मागची झोपली होती, पण मला असल्या पोरीचा भरवसा धरून स्पर्धेत उतरता येत नाही. चंद्रभान बरोबर आहे म्हणाला. ते मनापासूनच म्हणाला.

परतताना रस्त्यावरचे दिवे लागले होते. सिग्नलला स्कूटर थांबली तेव्हा त्यानं मान किंचित मागं वळवून विचारलं, “मेघा मागं आहे हे तुले माहीत होतं न?”

“नाई,” पायल म्हणाली. “अशीन असं वाटलं.”

“आन् नसती तर?”

“नसती तर नसती, बाबा.”

सिग्नल सुटला. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दिला तरी चंद्रभाननं स्कूटर पुढं घेतली नाही. “परत करशीन तसं?” त्यानं विचारलं.

तिनं मागून त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकवली. “हाव, करीन,” ती म्हणाली.

अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात खेळाच्या बाबतीत जी त्याला कधीच शिवली नव्हती, ती भीती आता पोरीसाठी त्याला शिवली, अगदी खरी. त्यानं हँडल घट्ट धरलं आणि स्कूटर सोडली.